मी ऐकलं होतं

हळदीकुंकवाची कुयरी माझ्यापर्यंत आली आणि थांबली.

संक्रांतीचे दिवस होते. बंगलोरच्या कॅन्टोन्मेंटात, अलसूरच्या तळ्याजवळ आमच्या कर्नलसाहेबांचा बंगला. त्यांच्या बायकोचं माहेर बंगलोरातलंच. दोन-तीनशे वर्षांपूर्वी इकडं येऊन राहिलेलं मराठी घराणं. अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायच्या. आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणायचो. छावणीत मराठी बोलणाऱ्या बायका अशा किती असणार? म्हणून मलाही बोलावणं. मी लष्करी इस्पितळात नर्स. नवीकोरी लेफ्टनंट. खांद्यावर दोन तारे लागून चार महिने झाले होते. ड्युटीवरून थेट गेले, म्हणून पांढऱ्या वर्दीतच होते.

"स्वल्प सरका गं, सिस्टरला जागा द्या," अक्का म्हणाल्या. मला बरं वाटलं.

शेजारी एका कॅप्टनची बायको बसली होती. निपाणीची. तिच्या वडिलांची तिथं तंबाखूची वखार. मी मराठी बोलते म्हटल्यावर तिनं गाव विचारलं. मी सांगितलं. बापाचं नाव विचारलं. तेही सांगितलं. वय लहान होतं, खोटं बोलायची सवय अजून लागली नव्हती. ती हसली. अगदी मायेनं म्हणाली, "म्हणजे तू सखू महारणीची पोरगी. आमच्या वखारीत तंबाखू झाडायला यायची. बघा अक्का, कुठल्या कुठं पोचली."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती कौतुकच करत होती.

अक्का तेव्हा माझ्यासमोर वाकल्या होत्या. बोटाला कुंकू लागलेलं. ते बोट हवेत राहिलं. मग त्यांनी कुयरी माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.

"तुम्हीच लावून घ्या," म्हणाल्या.

तिळगूळ, हलवा, वाण सगळं मोलकरणीच्या हातून आलं. तेही वरून टाकलेलं. खोलीतल्या बायका आपापल्या पदराचे काठ बघू लागल्या. मी वाकले. स्वतःच्या हातानं कपाळाला कुंकू लावलं. आणि म्हणाले, "थँक्यू, अक्का."

अपमान माझ्या घरचाच होता. पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा. ते थँक्यू मात्र माझं होतं. ते मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

माझा बा शिपाई होता. ब्रह्मदेशात लढून आला. गावानं त्याचं काय केलं तर त्याचं जुनं काम त्याला परत दिलं. अंगात पलटणीचा खाकी कोट घालून तो मेलेली म्हैस ओढायचा. कोटाची बटणं तेवढी रोज घासायचा. मिशनच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला नर्सिंगला घातलं. तिथल्या रजिस्टरात आडनाव म्हणून गावाचं नाव लागलं. पुढं सैन्यात तेच चाललं. त्या आडनावावरून काही कळत नव्हतं. हळदीकुंकवाच्या त्या दिवसापर्यंत मी मुद्दाम लपवलं असं काही नव्हतं. त्यानंतर लपवायला लागले.

दोन महिन्यांत मी बदली मागून घेतली. उत्तरेला गेले, पूर्वेला गेले. जिथं गेले तिथं मराठी माणसापासून लांब राहिले. नाहीच टाळता आलं तर गावाच्या पाटलांची लांबची नातेवाईक म्हणून सांगायचे. सहज जमायला लागलं. छप्पन साली बा बौद्ध झाला. त्याच्या पोस्टकार्डावर वर 'जयभीम' यायला लागलं. पोस्टकार्ड मेसच्या टपालात उघडं पडलेलं असायचं, कुणीही उचलून वाचावं असं. मी बाला कळवलं, पत्र पाकिटातून पाठव आणि वर ते लिहू नकोस.

पुढचं पत्र पाकिटातून आलं. वर काहीच नव्हतं. मायनाही नव्हता. आईची तब्येत, पावसाचं, म्हशीचं दोन ओळींत. खाली सही, पूर्ण नावाची, एखाद्या साहेबाला अर्ज करावा तशी.

ते वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आज सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

चीनच्या लढाईनंतर मी परत बंगलोरला आले. आता कॅप्टन होते. जुने कर्नल निवृत्त होऊन गेले होते. मला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. अधिकाऱ्यांचा वॉर्ड माझ्याकडं आला. तीस खाटा, सहा नर्सेस, ऑर्डर्ली, सफाईवाले. मी कडक होते. चादरीला सुरकुती चालायची नाही. औषधाला पाच मिनिटांचा उशीर चालायचा नाही. मेट्रन मलबारकडच्या होत्या, कामाला वाघीण. त्या इतरांना म्हणायच्या, या बाईकडून शिका.

लढाईनंतर नर्सेसची मोठी भरती झाली होती. त्यातनं सुशीला आली. सांगलीकडची. काळीसावळी, उंच, दोन वेण्या टोपीखाली घट्ट बांधलेल्या. नोकरी तात्पुरती. तीन वर्षं काम बघून कायम करणार होते. पहिल्याच दिवशी मेसमध्ये कुणीतरी तिची जात आडून विचारली. ती म्हणाली, "आम्ही बौद्ध. आधी महार." आणि भात कालवायला लागली.

माझ्या हातातला चमचा ताटलीवर वाजला.

तिला माझ्याबद्दल कसं कळलं ते मला माहीत नाही. बहुधा माझ्या बोलण्यातनं. आठवड्याभरानं ती औषधांच्या खोलीत एकटी होती. मी आत गेले तशी हळूच म्हणाली, "ताई, तुमचं गाव माझ्या मावशीच्या गावाला लागूनच."

मी म्हणाले, "ड्युटीवर ताई म्हणायचं नाही. सिस्टर म्हणायचं."

"हो, सिस्टर," ती म्हणाली. पुन्हा कधी तिनं विषय काढला नाही. पण मी राउंडला असले की तिचं काम जरा जास्तच नेटकं व्हायचं. घरातलं कुणी बघायला आल्यावर होतं तसं. मला ते कळत होतं. मला त्याचा राग यायचा.

पासष्टची लढाई झाली. रेल्वेनं जखमी आले. माझ्या वॉर्डात एक मेजर आले, साताऱ्याकडचे. उजवा पाय घोट्याच्या वर कापलेला, जखम चिघळलेली. शूर माणूस होता, ते खोटं नाही. आपल्या माणसांना बाहेर काढता काढता त्यांचा पाय गेला होता. मी मराठी आहे म्हटल्यावर खूश झाले. मला ताई म्हणायचे. कुठल्या तुम्ही, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी गावाचं नाव सांगितलं आणि पाठोपाठ आपोआप तोंडून निघालं, "तिथल्या पाटलांकडची." ते म्हणाले, "तरीच."

त्या 'तरीच'वर मी महिनाभर जगले.

मग एका सकाळी नऊच्या सुमारास. दोन नर्सेस ऑपरेशन थिएटरात, एक आजारी. त्या दिवशी ड्रेसिंगची ट्रॉली सुशीलाकडं होती. तिची जात एव्हाना वॉर्डभर माहीत झाली होती. मी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा ताप बघत होते. दोन खाटांच्या मधे कापडी पडदा होता.

मेजरांचा आवाज आला. शांत आवाज. "सिस्टर, तुम्ही राहू द्या. दुसरी कुणी पाठवा."

सुशीलानं विचारलं, "का सर?"

"का ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडं चालत नाही."

माझ्या हातात थर्मामीटर होता. पारा किती चढलाय ते मी बघत होते आणि मला आकडा दिसत नव्हता.

मग सुशीला बोलली. आवाज चढवला नाही तिनं. "सर, दुसरी कुणी मोकळी नाही. जखम आज तशीच राहिली तर पाय अजून वर कापावा लागेल. मी ड्रेसिंग करणार आहे."

"मी नको म्हणतोय."

"तुम्हाला माझी जात नको आहे, सर. ड्रेसिंग नको असं डॉक्टरांनी लिहिलेलं नाही."

मग कात्रीचा आवाज. पट्टी सुटल्याचा आवाज. मेजर दात आवळून श्वास घेत होते. तिनं सगळं केलं. धुतलं, औषध भरलं, नवी पट्टी बांधली, नेहमीसारखं "झालं, सर" म्हणाली आणि ट्रॉली पुढं ढकलली.

मला फक्त दोन पावलं टाकायची होती. पडदा बाजूला करायचा होता. मी वॉर्डची मुख्य होते. मी एवढंच म्हटलं असतं, की मेजर, माझ्या वॉर्डात ड्रेसिंग कोणी करायचं ते मी ठरवते, तर तिथंच संपलं असतं. मी थर्मामीटर झटकला आणि पुन्हा पेशंटच्या तोंडात घातला.

दुपारी तक्रार आली. वरिष्ठ अधिकाऱ्याशी उद्धट वर्तन. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध हात लावला. मेट्रननी मला बोलावलं. तू तिथं होतीस, तूच वरिष्ठ, अहवाल तू लिही, म्हणाल्या. प्रकरण लवकर मिटावं एवढंच त्यांना हवं होतं. जाता जाता हेही म्हणाल्या की माझ्या मेजरपदाची फाईल वर गेली आहे. त्यांनी दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. त्या मी जोडल्या.

मी अहवाल लिहिला. पाच ओळी. मेजरसाहेब काय म्हणाले ते लिहिलं नाही. संभाषण मला ऐकू आलं नाही, असं लिहिलं. ही नर्स स्वभावानं उद्धट आहे, शिस्त अंगी बाणलेली नाही, अधिकारीपदाला योग्य वाटत नाही, असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. खाडाखोड एकही नव्हती.

तीन आठवड्यांत सुशीलाला कायम न करण्याचा हुकूम आला.

जायच्या दिवशी ती माझ्या ऑफिसात आली. वर्दी जमा केली होती. साधं निळं पातळ नेसली होती, हातात पत्र्याची ट्रंक. मी फाईलमध्ये डोकं घातलं. ती खुर्चीवर बसली नाही. मीही बस म्हटलं नाही.

म्हणाली, "ताई, तुम्ही पडद्यामागं होतात. खाली तुमचे बूट दिसत होते."

मी फाईलचं पान उलटलं.

"मी एकटी असते तर कदाचित गप्प बसले असते. दुसऱ्या कुणाला तरी शोधून आणलं असतं. मला वाटलं, तुम्ही आहात. म्हणून मी बोलले."

ती रडली नाही, चिडली नाही. हजेरी दिल्यासारखं सांगितलं आणि ट्रंक उचलून गेली. खिडकीतून मला ती फाटकापर्यंत चालत जाताना दिसली. ट्रंक जड होती. दोनदा तिनं हात बदलला.

पुढच्याच आठवड्यात माझी बढती झाली. मेसमध्ये टाळ्या वाजल्या. मेजरांनी खाटेवरून हात मिळवला, म्हणाले, "ताई, तुमच्या घराण्याला शोभेलसं झालं." मी थँक्यू म्हणाले. दुसऱ्यांदा. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. अक्कांच्या घरी मला कुणी खाली ढकललं होतं. इथं मी स्वतः एका पोरीला ढकललं आणि तिच्या जागेवर पाय देऊन वर चढले. अक्कांनी निदान तोंडावर केलं.

तरी मी लगेच काही केलं नाही. हे लिहिताना हात अडतो, पण खरं तेच लिहायचं आहे. अकरा दिवस मी नवी वर्दी घालून फिरले. सलाम घेतले. अकरा दिवस मी स्वतःला समजावत होते, की तिला दुसरीकडं नोकरी मिळेल, तिचा स्वभाव तसाही टिकणारा नव्हता, मी बोलले असते तर दोघी गेलो असतो. प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. मी हुशार आहे. मला कारणं लवकर सुचतात.

बाराव्या दिवशी एका नव्या नर्सनं मला येऊन विचारलं, अमुक पेशंट माझ्याकडून इंजेक्शन घेत नाही, काय करू. ती ख्रिश्चन होती, तमिळ बोलणारी, होसूरकडची. मी विचारलं, तू त्याला काय म्हणालीस. ती म्हणाली, काहीच नाही मॅडम, सुशीला सिस्टरचं काय झालं ते आम्ही बघितलंय.

तिथून मी सरळ कमांडंटच्या ऑफिसात गेले.

कमांडंट पंजाबी डॉक्टर होते. थकलेला, सज्जन माणूस. मी सलाम केला आणि म्हणाले, "सर, त्या अहवालात मी खोटं लिहिलं. मी सगळं ऐकलं होतं."

त्यांनी मला बसायला सांगितलं. दार लावून घेतलं. कागद पुढं गेलाय, मुलगीही गेली आहे, असं समजावलं. हे लेखी दिलंत तर चौकशी तुमची होईल, बढती जाईल, कदाचित नोकरीही. इतक्या वर्षांची सेवा आहे तुमची. दोन दिवस विचार करा, म्हणाले.

"विचार करूनच खोटं लिहिलं होतं, सर," मी म्हणाले. "आता कागद द्या."

त्यांच्याच टेबलावर मी लिहिलं. मेजर काय म्हणाले, सुशीला काय म्हणाली, मी कुठं उभी होते. शब्द न्‌ शब्द मला पाठ होता.

चौकशी बसली. तीन अधिकारी, समोर मी. त्यातल्या एकानं विचारलं, तुमचं आणि त्या नर्सचं काही वैर होतं का? नव्हतं. मग खोटं का लिहिलंत? मी टेबलाकडं बघत होते. मग मान वर केली.

"मी महार आहे," मी म्हणाले. "ती सांगत होती, मी लपवत होते. तिच्या बाजूनं उभी राहिले असते तर मीही उघडी पडले असते. म्हणून."

लिहून घेणाऱ्या क्लार्कनं विचारलं, साहेब, हेही लिहायचं? मीच म्हणाले, लिहा.

बढती काढून घेतली. नापसंतीचा शेरा कायमचा लागला. अधिकाऱ्यांचा वॉर्ड गेला. मेट्रन माझ्याशी पुढं कामापुरतंच बोलल्या. मेसमध्ये काही जणींनी टेबल बदललं. मेजर तोवर नकली पायासाठी पुण्याला गेले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. ती गोष्ट मी माझ्या कागदात लिहिली होती, पण तिच्याखाली कुणी रेघ ओढली नाही.

सुशीलावरचा शेरा रद्द झाला. तिला परत यायचं पत्र गेलं. मीही वेगळं पत्र लिहिलं. चार पानं. सगळं कबूल केलं, अगदी हातातल्या थर्मामीटरपर्यंत, आणि माफी मागितली. उत्तर महिन्यानं आलं, तालुक्याच्या दवाखान्यातून. त्यात एवढंच होतं: 'तुमचं पत्र पोचलं. मी परत येणार नाही. इथं मला काम आहे. तुम्ही खरं सांगितलंत ते बरं झालं, पण ते माझ्यासाठी सांगितलं असं लिहू नका. माझ्यासाठी सांगायचं होतं तेव्हा तुम्ही थर्मामीटर बघत होतात.'

ते पत्र मी कितीदा वाचलं. त्यात एकही शब्द जास्त नव्हता.

आता माझ्याकडं जवानांचा वॉर्ड आहे. साठ खाटा. पहिल्या सकाळी मी सगळ्या नर्सेस, ऑर्डर्ली, सफाईवाल्यांना एका ओळीत उभं केलं. माझं नाव सांगितलं, जात सांगितली, मी काय केलं होतं तेही सांगितलं. काही जण एकमेकांकडं बघू लागले. मग म्हणाले, ज्या पेशंटला आपल्यापैकी कुणाचा हात चालत नसेल, त्यानं कारण कागदावर लिहून खाली सही करायची. तो कागद मी कमांडंटकडं नेईन. तोपर्यंत ज्याची ड्युटी, त्याचाच हात लागेल.

पंधरा दिवसांनी एक सुभेदार अडले. नर्स दारापर्यंत मला बोलवायला आली, पण आवाज ऐकून मी आधीच निघाले होते. त्यांच्या खाटेपाशी उभी राहिले, कागद दिला, पेन दिलं. ते बराच वेळ कागदाकडं बघत बसले. मग कागद तसाच बाजूला ठेवून दंड पुढं केला. इंजेक्शन झालं. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. त्यांचं मन बदललं असं मी समजत नाही. त्यांना फक्त सही करायची लाज वाटली. मला तेवढी पुरते.

सुशीलाची वर्दी मी उतरवली. ते कुठल्या चौकशीनं, कुठल्या शिक्षेनं फिटत नाही, आणि फिटलं असं मी कधी म्हणणार नाही. ही गोष्ट माझ्या नावावर आहे, ती तशीच राहू दे. पण माझ्या हाताखालच्या कुठल्याही पोरीला यापुढं एकटीनं तोंड उघडावं लागणार नाही. ती बोलेल तेव्हा तिच्या आधी मी बोललेली असेन.